आराम पडलेला नाही

सिस्टरांच्या ठिकाणाहून घरी निघालेल्या माणसाला फाटकाशी उभे राहून दोन वाक्ये मोठ्याने म्हणावी लागत. ‘मला आराम पडलेला नाही. मी झोपलो होतो.’ बाई असेल तर ‘झोपले होते’. तेवढा बदल चाले. पुटपुटलेले चालत नसे. बांबूच्या फाटकाचा अडसर सिस्टर स्वतःच्या हातात धरून उभ्या राहत आणि दोन्ही वाक्ये कानावर आल्यावरच तो सरकवत.

नांदेडहून आलेल्या एका अधिकाऱ्याने हे म्हणायला नकार दिला, तेव्हा मी तिथे होतो. चार दिवस राहून तो निघाला होता. गाडी सुरू होती, बायको मागच्या सीटवर बसलेली होती.

“पण मला खरंच बरं वाटतंय,” तो म्हणाला.

“वाटू द्या ना. वाटनं येगळं, पडनं येगळं.”

“हा काय पोरखेळ आहे?”

“दोनच वाक्यं हायत, साहेब. शाळंत याच्याहून लांब प्रतिज्ञा म्हनला असाल तुमी.”

गाडीतून बायको म्हणाली, “म्हणा हो. ऑफिसात रोज काय काय म्हणता, एकदा हेही म्हणा.”

वीस मिनिटे गाडी तशीच सुरू राहिली. मग इंजिन बंद झाले. आणखी थोड्या वेळाने अधिकारी खाली उतरला आणि फाटकाकडे न बघता दोन्ही वाक्ये म्हणाला. सिस्टरांनी अडसर काढला. “सकाळची बीपीची गोळी घेतली का?” त्यांनी विचारले. त्याने घेतली होती. “मग जावा बिनघोर.”

बाहेरगावच्या लोकांना हा प्रकार विक्षिप्त वाटे. काहींनी त्याचे मोबाईलवर चित्रणही केले. त्यामागे काय घडले होते हे त्यांना माहीत असण्याचे कारण नव्हते. मला माहीत होते, कारण त्याची सुरुवात माझ्या टेबलावर झाली होती.

ठिकाणाला नाव नव्हते. औंढ्याच्या डोंगरात, वनखात्याच्या सागवनाला लागून सिस्टरांच्या वडिलांची थोडी पडीक जमीन होती. नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी तिथे सहा झोपड्या उभ्या केल्या. तुराट्यांचे कूड, वरून शेणामातीचा लेप, छताला गवत. प्रत्येक झोपडीत एक बाज, एक गादी, पाण्याचे एक मडके. आवारात एक विहीर आणि तांब्याचा एक मोठा बंब. निर्गुडीचा पाला टाकून तापवलेल्या पाण्याने आंघोळ, करडईच्या तेलाने मालिश, अंगाला वारुळाच्या मातीचा लेप, जेवायला ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि कढी. मोठ्या शहरांच्या आसपास अशा ठिकाणांना जी भारदस्त नावे असतात त्यातले एखादे लावावे, असे एका पाहुण्याने सुचवले होते. “एवढं मोठं नाव वाचून लोकं जागेच ऱ्हातील,” सिस्टर म्हणाल्या. जवळच्या गावातले लोक ‘झोपेचा दवाखाना’ म्हणत. सिस्टरांचा आक्षेप होता तो दवाखाना या शब्दाला.

फाटकावर पाटी होती. तिच्यावर निळ्या रंगात तीन ओळी होत्या. ‘येथे औषध मिळत नाही. ज्याने त्याने आपले औषध आणावे. चपला पायातच ठेवाव्यात, विंचू आहेत.’

आलेल्या माणसाला पहिला प्रश्न नाव-गावाचा नसे. “गोळ्या दाखवा,” असे त्या म्हणत. गोळ्यांची पाकिटे आणि डॉक्टरची चिठ्ठी त्या जुळवून बघत. जेवणानंतर गोळी देताना समोर उभ्या राहत आणि गिळून झाल्यावर तोंड उघडायला लावत. एकदा एका निवृत्त न्यायाधीशांनाही त्यांनी जीभ वर उचलायला लावली होती.

तीस वर्षांहून अधिक काळ त्या सरकारी रुग्णालयांत नर्स होत्या. निवृत्तीनंतरही घड्याळ त्या मनगटाच्या आतल्या बाजूला बांधत, नाडी मोजताना तबकडी दिसावी म्हणून. बोलताना त्या समोरच्याच्या चेहऱ्याकडे कमी आणि श्वासाकडे जास्त बघत. त्यामुळे नव्या माणसाला अवघडल्यासारखे होई. लग्न केलेले नव्हते. त्याविषयी कोणी विचारले तर, “नाइट ड्युटी व्हती,” एवढेच सांगत.

हे ठिकाण का सुरू केले, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी मला दिले तेव्हा मी ते शब्दशः उतरवून घेतले होते. वही अजून माझ्याकडे आहे.

“वॉर्डात पाचला दिवे लावायचे. थर्मामीटर लावायचे, चादरी बदलायच्या. रातभर कन्हलेल्या मानसाचा कुठं तवाच डोळा लागलेला असायचा. मी हलवून उठवायची. कागदावर आकडा भरायचा म्हनून. एक म्हातारी हात जोडून म्हनली, बाई, मरू द्या पन झोपू द्या. मी काय म्हनले असंन? तोंड उघड म्हनले. तीस वर्षं मी लागलेल्या झोपा मोडल्या. कितीक जनांच्या.”

म्हणून त्यांच्याकडे एक नियम होता: कोणी कोणाला उठवायचे नाही. कळमनुरीचे एक शिक्षक पुतण्याच्या साखरपुड्याच्या आदल्या रात्रीही तिथेच राहिले होते. सकाळी सातला उठवा, असे त्यांनी सिस्टरांना बजावून सांगितले. सिस्टर म्हणाल्या, “उठवायचं काम मी सोडलं, गुरुजी.” शिक्षकांना वाटले, गंमत आहे. सकाळी सातला सिस्टर झोपडीत गेल्या, गुरुजींच्या चपला बाजेजवळ आणून दाराकडे तोंड करून ठेवल्या आणि परत आल्या. त्यांच्या मते त्यांनी शक्य ते केले होते. गुरुजी साडेअकराला उठले. साखरपुडा अकराचा होता. गुरुजी पुढच्या वर्षी पुन्हा आले. भावाशी अजून बोलणे नाही, पण तशी झोप परत लागली नाही, असे म्हणाले.

वारुळाच्या मातीबाबतही त्यांची रीत ठरलेली होती. ही माती सोडून दिलेल्या वारुळाचीच हवी. वारूळ रिकामे आहे की भरलेले, हे ओळखण्यासाठी त्या टिकावाच्या टोकाने एक लहानसे भोक पाडत आणि निघून येत. दुसऱ्या दिवशी भोक बुजवलेले दिसले तर आत वाळवीचे घर चालू आहे. मग त्या मातीला हात लावायचा नाही. आठवडाभर उघडे राहिले तरच ते वारूळ मोडायचे. एकदा मी बरोबर होतो. बुजवलेल्या भोकाशी त्या बऱ्याच वेळ उकिडव्या बसल्या. “बगा, ओली माती हाय,” त्या म्हणाल्या, “रातभर काम करून राहिले असतील बिचारे. मीच लावलं त्यांच्यामागं.”

सिस्टर आता नाहीत. दोन झोपड्या पडल्या आहेत, बाकीच्यांवर गेल्या हंगामात गवत घातले गेले नाही. पडून कंबरेचे हाड मोडल्यावर शेवटचे तीन आठवडे त्या रुग्णालयात होत्या. तिथली तरुण नर्स मला सांगत होती की, पहाटे त्यांना उठवायला तिला संकोच वाटे, कारण त्या कोण होत्या हे वॉर्डात सर्वांना ठाऊक होते. त्या डोळे न उघडताच तोंड उघडत आणि म्हणत, “लाव. तुझी ड्युटी हाय.”

मी तेव्हा एका दैनिकाच्या हिंगोली कार्यालयात उपसंपादक होतो. मोठ्या शहरातून बदलीवर आलो होतो, त्याला दोन वर्षे झाली होती. रविवारच्या पानासाठी मजकूर हवा होता म्हणून मी पहिल्यांदा सिस्टरांकडे गेलो. इथे लोकांना नेमके काय मिळते, असे विचारले. “ईसावा,” त्या म्हणाल्या. मी वहीत ‘विश्रांती’ असे लिहिले. लेखात त्यांची सर्व वाक्ये होती. इथे उपचार होत नाहीत, औषध बंद करायचे नाही, आजारी माणसाने आधी डॉक्टरकडे जावे, हे सगळे त्यांच्याच शब्दांत दिले होते. मथळा होता ‘सागाच्या बनात मिळते विश्रांती’.

पान लावताना अडचण आली. त्याच पानावर वरच्या बाजूला ‘पावसाची विश्रांती, पेरण्या खोळंबल्या’ अशी बातमी होती. एका पानावर दोन मथळ्यांत एकच शब्द येऊ द्यायचा नाही, ही डेस्कवरची साधी शिस्त आहे. पावसाच्या बातमीला धक्का लावणे शक्य नव्हते. मी माझ्या मथळ्यातली विश्रांती काढली आणि ‘सागाच्या बनात मिळतो आराम’ असे केले. या कामाला अर्धे मिनिटही लागले नसेल.

हिंगोलीकडे दवाखान्यातून घरी आलेल्या माणसाला लोक विचारतात, “आराम हाय का?” म्हणजे, बरा झालास का. इथे औषधाने आराम पडतो, इंजेक्शनने आराम पडतो. नुसते पडून राहण्याला, झोपण्याला आराम म्हणणे ही शहराची किंवा पुस्तकाची भाषा झाली. हा अर्थ मला माहीत नव्हता असे म्हणता येणार नाही. दोन वर्षांत तो रोज कानावर पडत होता. त्या संध्याकाळी तो आठवला नाही.

लेख किती जणांनी वाचला हे सांगता येत नाही. मथळा मात्र पुष्कळांनी वाचला. कोणीतरी तेवढाच कापून त्याचा फोटो काढला आणि तो फोनवरून गावोगाव फिरला. आठवडाभरात सिस्टरांच्या फाटकाशी जीप उभ्या राहू लागल्या. पुसेगावकडून एका मुतखड्याच्या रुग्णाला आणले गेले. आखाडा बाळापूरहून एक बाई आली, तिचे डायलिसिस चालू होते. सिस्टरांनी प्रत्येकाची चिठ्ठी बघितली, प्रत्येकाला परत पाठवले. काहींना त्यांनी स्वतः जीपमध्ये बसून रुग्णालयात पोचवले. लोक रागावले. पेपरात आलंय आणि ही बाई नाही म्हणते, म्हणजे मोठ्यांनाच आत घेते, असे बोलले जाऊ लागले.

जीप येऊ लागल्याच्या चौथ्या दिवशी सिस्टरांचा कार्यालयात फोन आला.

“आराम कोन म्हनलं?”

मी म्हणालो, “मथळा मी दिला.”

“मी म्हनले व्हते का?”

“नाही.”

“मग दुरुस्ती छापा. लिहून घ्या. सागाच्या बनात आराम मिळत नाही. झोप मिळते. ती बी लागली तर.”

मी लिहून घेतले आणि आवृत्तीप्रमुखांसमोर ठेवले. त्यांनी दोनदा वाचले. ते मूळचे इथलेच होते, त्यामुळे घोटाळा त्यांच्या लगेच लक्षात आला. तरीही ते म्हणाले, “दुरुस्ती चुकीची छापतात. यात चूक कोणती दाखवणार? शब्दकोशात आराम म्हणजे विश्रांतीच आहे.” ते नियमाने बरोबर होते. मी सिस्टरांना तसे कळवले. “बरं,” म्हणून त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर त्या दर पंधरा दिवसांनी फोन करून विचारत, “छापली का?” मी नाही म्हणत असे. त्यावर त्या भांडत नसत. नाडी बघायला यावे तसा तो फोन येई.

पुढे जे घडले ते जवळा बाजारच्या गादीवाल्या चाचांच्या बाबतीत. ते पिंजारी होते. सिस्टरांच्या सहाही झोपड्यांतल्या गाद्या त्यांनीच भरल्या होत्या. चार दिवस मोहाच्या झाडाखाली धनुकली टांगून त्यांनी तिथेच कापूस पिंजला होता, कारण तयार गाद्या सिस्टरांना चालणार नव्हत्या. सिस्टर प्रत्येक गादीवर झोपून बघत आणि कुठे कापूस कमी झाला ते बोट ठेवून सांगत. चाचा म्हणत, “सिस्टर, बादशाहनं बी येवढी तकलीफ दिली नसती.” सिस्टर म्हणत, “बादशहाला झोप लागत व्हती का ते आधी इचारा.” दोघांचे वय सारखे होते, बोलणे असेच चाले.

चाचांना बीपीचा त्रास होता. बायको गेल्यापासून झोप नीट लागत नव्हती. मथळा मुलाने वाचून दाखवला आणि त्यानेच त्यांना मोटारसायकलवरून आणून सोडले. गोळ्या बरोबर होत्या, चिठ्ठी होती. सिस्टरांनी त्यांना ठेवून घेतले. चाचा नऊ दिवस राहिले. गोळी रोज सिस्टरांसमोर घेतली. स्वतः भरलेल्या गादीवर आपण पहिल्यांदाच झोपतोय, असे ते सर्वांना सांगत. दहाव्या दिवशी निघताना ते फाटकाशी थांबले आणि म्हणाले, “सिस्टर, बहोत आराम पडला. पुरा आराम.”

तोपर्यंत फाटकाशी काही म्हणायला लावण्याची पद्धत नव्हती. पण कोणी आराम पडला म्हटले की सिस्टर त्याला तिथेच दुरुस्त करत. गेल्या काही आठवड्यांत त्यांनी शेकडो माणसांना हे सांगितले होते: आराम नव्हे, झोप. त्या दिवशी त्या हसल्या आणि म्हणाल्या, “बरं झालं, चाचा.”

हे मला दुसऱ्या कोणी सांगितलेले नाही. त्यांनीच सांगितले, आणि कारणही सांगितले. “दीड महिना लोकं मला शिव्या देऊन राहिली व्हती. त्या दिसी मला ते ऐकावं वाटलं. म्हनून दुरुस्त केलं न्हाई.”

चाचांनी घरी जाऊन गोळ्या बंद केल्या. लपवून नव्हे, सर्वांना सांगून. मुलाने विचारले तर म्हणाले, “आराम पडला, आता गोळी काहून? सिस्टरला सांगून आलो. बरं झालं म्हनली ती.” तीन आठवड्यांनी, दुकानात गादीला टाके घालत असताना दाभण त्यांच्या हातातून गळून पडले. मुलाला वाटले, निसटले. चाचांनी ते उचलायचा प्रयत्न केला आणि उजव्या अंगावर कलंडले.

ही बातमी सिस्टरांना कळली त्या दिवशी त्यांच्याकडे पाच पाहुणे होते. त्यांना त्यांनी दुपारच्या आत घरी पाठवले. फाटकाला दोरी बांधली आणि जवळा बाजारची बस पकडली. उजवे अंग लुळे पडलेले चाचा रुग्णालयातून घरी आल्यावर त्या रोज जाऊ लागल्या. पहिल्या दिवशी मुलगा दारातच आडवा उभा राहिला.

“बाप तुमाला सांगून आला व्हता, आराम पडला म्हनून. तुमी काय बोलल्या?”

“बरं झालं म्हनले.”

“बस?”

“बस. तेवढंच.”

तो आत गेला आणि दार लावून घेतले. सिस्टर ओट्यावर बसल्या. संध्याकाळच्या बसने परत गेल्या, सकाळी पुन्हा आल्या. असे तीन दिवस झाले. शेजारी विचारत, त्या कोण, काहून बसल्या. त्या सांगत, “पेशंट आत हाय.” चौथ्या दिवशी सुनेने दार उघडले. चाचांच्या हाताची बोटे मुठीसारखी वळू लागली होती आणि ती सरळ करायला घरात कोणाला जमत नव्हते.

त्यानंतर आठ महिने त्या रोज जवळा बाजारला गेल्या. सकाळी पहिली बस, दुपारी परत. रुग्णालयातल्या व्यायामांचा तक्ता त्यांना पाठ होता, पण हातात चेंडू धरायला चाचा तयार नव्हते. लहान लेकरासारखे वाटते, असे म्हणत. मग सिस्टरांनी त्यांच्या उजव्या हातात न पिंजलेला कापूस दिला आणि सरकी वेगळी करायला सांगितले. हे काम बोटांना लहानपणापासून माहीत होते. पहिल्या महिन्यात दिवसाला एकही सरकी निघाली नाही. हिवाळ्याच्या शेवटी दोन-तीन निघू लागल्या. बोटे चिमटीत येत होती, पण चिमटीत जोर नव्हता. डॉक्टरांचे म्हणणे असे की, यापुढे फारसा फरक पडणार नाही. सिस्टरांनी ते ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशीही त्या गेल्या.

या काळात सागाच्या बनातले फाटक बंदच होते. लोक येऊन परत जात. मला फोन येणेही थांबले होते. एकदा मीच केला आणि विचारले, पुन्हा कधी सुरू करणार. “ज्याला मी खोटं बोलू दिलं त्यो बरा न्हाई,” त्या म्हणाल्या. “मी कोनाला काय ईसावा देनार?” गोळी चाचांनी स्वतः बंद केली होती, असे मी म्हणालो. त्या म्हणाल्या, “व्हय. माझ्या शब्दावर.” त्यांना काय हवे होते ते तेव्हा मला कळले नाही. चाचांचा हात बरा व्हावा, असे मी धरून चाललो होतो.

आठव्या महिन्यात हळदीच्या आवकेची बातमी करायला मी जवळा बाजारला गेलो. बाजाराचा दिवस होता. चाचांचे दुकान रस्त्यालाच लागून होते. आत मुलगा पिंजण्याच्या मशीनवर होता, सगळीकडे कापसाची धूळ उडत होती. चाचा ओट्यावर खुर्चीत बसले होते. सिस्टर समोर स्टुलावर बसून त्यांचा उजवा हात आपल्या मांडीवर घेऊन एकेक बोट मागे वळवत होत्या. सून उंबऱ्यात लसूण निवडत होती. मीही ओट्याच्या कडेला टेकलो. सिस्टरांनी मान हलवली.

बाजाराला आलेली ओळखीची माणसे जाता-येता थांबत होती. सगळे एकच विचारत, “चाचा, आराम हाय का?” आणि चाचा तोंडाची वाकडी बाजू सावरून म्हणत, “हाव. आराम हाय.” विचारणारा बरे वाटून पुढे जाई. मी बसलो होतो तेवढ्या वेळात हे सात वेळा झाले. या प्रश्नाचे तिकडे दुसरे उत्तर नसते. कोणी विचारले की आराम आहे म्हणायचे. नाही म्हणणे म्हणजे समोरच्याला अडकवून ठेवणे. प्रत्येक वेळी सिस्टरांचे हात क्षणभर थांबत आणि पुन्हा सुरू होत.

“आठ महिने रोज हेच ऐकून राहिले मी,” त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

चाचा म्हणाले, “मग काय सांगू लोकांना? बाजारात रडत बसू?”

“रडा म्हनलं का कोनी?”

“त्यायला बरं वाटते, मला बरं वाटते. तुमचंच काय दुखते?”

 सिस्टर अंगठा धरून हळूहळू बाहेर ओढू लागल्या.

आठवी एक शेतकरी बाई होती. डोक्यावर टोपली, बरोबर लग्नाच्या वयाची मुलगी. टोपली खाली ठेवून ती ऐसपैस उभी राहिली.

“चाचा, आराम हाय ना आता? पोरीचं लगीन ठरलं बगा. माज्या लग्नातली गादी तुमीच भरली व्हती, पंचवीस वर्सं झाली, एक टाका हालला न्हाई. हिची बी तुमच्याच हातची पायजे. मी थांबते म्हनलं, चाचाला आराम पडूस्तोर थांबते.”

मुलाने मशीन बंद केले. तो दारात आला. बाईला चाचांचा हात दिसत नव्हता; तो सिस्टरांच्या मांडीवर होता आणि त्यावर सिस्टरांचा पदर आला होता. चाचांनी बाईकडे बघितले, मग मुलीकडे. उत्तर द्यायला त्यांना वेळ लागला. जीभ जड होती, त्यामुळे तो वेळ बोलायला लागतोय की ठरवायला, हे सांगता आले नसते.

“न्हाई, बाई,” ते म्हणाले. “आराम न्हाई.”

बाई गोंधळली. “न्हाई कसा? व्हईल की.”

“न्हाई व्हनार. हा हात आता टाका घालत न्हाई. थांबू नको. पोरगं माझं भरते गादी, बराबर भरते. त्याच्याकडून घेऊन जा.”

“आन सिस्टरबाईकडं ऱ्हाऊन आलते ना तुमी? पेपरात आलतं, तिथं आराम पडतो म्हनून.”

“पेपरात आलतं,” चाचा म्हणाले. “तिथं झोप लागली व्हती मला. नऊ दिस. लई चांगली. आराम न्हाई पडला. गोळी मी सोडली. तू सोडत असशील तर सोडू नको.”

रस्त्यावरून जाणारे दोघे-तिघे थांबून ऐकत होते.  बाईने मुलीला कोपराने ढकलले आणि मुलगी वाकून चाचांच्या पाया पडली. त्यांनी डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला. मुलाने बाईला आत बोलावले आणि तो कापड दाखवू लागला. 

सिस्टरांनी चाचांचा हात त्यांच्या स्वतःच्या मांडीवर नीट ठेवला. मनगट वळवून घड्याळ बघितले. मग उंबऱ्याकडे वळून सुनेला म्हणाल्या, “पोरी, जरा पानी दे प्यायला.”

सून लसूण तसाच टाकून उठली. तिने तांब्या घासून घेतला आणि भरून आणला. सिस्टर सगळा तांब्या प्यायल्या. आठ महिन्यांत त्या घरातले पाणी त्यांनी पहिल्यांदा घेतले, असे सुनेने मला नंतर सांगितले. पुढच्या आठवड्यात त्यांनी फाटकाची दोरी सोडली; दोन वाक्यांची अट तेव्हापासूनची.